जाड वायर, बारीक तांबं: ट्रकमधल्या इन्व्हर्टरच्या कामात होणारी फसवणूक

बिलावर चार ओळी होत्या. २००० वॅटचा इन्व्हर्टर, ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, फ्यूज, अर्थिंग. गाडी २४ व्होल्टची. काम झाल्यावर वायरिंगवाल्याने मोबाइल चार्जिंगला लावून दाखवला, छोटा पंखा फिरवून दाखवला आणि पैसे घेतले. दोन्ही मिळून जेमतेम ५० वॅटचा भार. एवढ्यावर कसलीही वायर आणि कसलंही अर्थिंग चालून जातं. खोट दिसते ती ६०० वॅटची किटली लावल्यावर: इन्व्हर्टर पिपाणीसारखा ओरडतो आणि बंद पडतो. मग ऐकायला मिळतं, 'तुमची बॅटरीच बसली आहे.' नवी बॅटरी त्याच्याकडूनच घेतली जाते. दोन-तीन महिन्यांत तीही बसते.

हे काम उघडल्यावर काय निघालं ते क्रमाने बघा, कारण असंच काम बऱ्याच गाड्यांत असतं.

आधी इन्व्हर्टर. लेबलवर २००० वॅट, पण मागे ३५ अँपिअरचे दोनच फ्यूज. ७० अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे ८४० वॅट, आणि तेही आत जाणारे. आतली घट वजा केली की हातात ७००-७५० उरतात. लेबलावरचा आकडा क्षणभराच्या धक्क्याचा असतो, तोही खरा असेल तर. बाहेरून फ्यूज दिसत असतील तर दुकानातच हा गुणाकार करायचा.

लक्षात आलं का, १२ व्होल्ट? गाडी २४ ची आणि इन्व्हर्टर १२ चा. वायरिंगवाल्याने दोन बॅटऱ्यांपैकी बॉडीकडच्या एकाच बॅटरीवरून जोड घेतला होता. सगळ्यात महागात पडणारी चलाखी हीच. दोन्ही बॅटऱ्या सीरिजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून असतात (मायनस बॉडीला असलेली खालची, दुसरी वरची) आणि इंजिनावर फिरून त्यांना चार्ज करणारा अल्टरनेटर त्यांना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. खालची उपसलेली बॅटरी १२.४ वर अडकली की वरचीच्या वाट्याला १५.६ येतात. वरची उकळते, पाणी आटतं. खालची कधी पूर्ण भरतच नाही. त्यामुळे बॅटरी बदलून काही उपयोग नव्हता. गाडी चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुणीतरी मधून जोड घेतलाय का, हे आधी शोधा. उपाय म्हणजे २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर. १२ चं किरकोळ काही चालवायचं असेल तर २४ ते १२ कन्व्हर्टर.

आता केबल. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, पण सगळा मांसलपणा रबराचा. आतला गाभा १६ चौरस मिमीच्या आसपास, आणि तोही तांब्याचा नाही: ॲल्युमिनियमच्या तारांवर तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी निघते. (कल्हई केलेली खरी तांब्याची तार याच्या उलट, वरून पांढरी आणि आत लाल.) तार दहा-बारा वेळा मागेपुढे वाकवली तर मुलाम्याची लवकर तुटते. पण खरी परीक्षा वजनाची. ३५ चौरस मिमीच्या एक मीटर केबलमधून निघणारं निव्वळ तांबं ३१० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच मापाची मुलाम्याची तार जेमतेम ११५-१२० ग्रॅम. रबर सोलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाका, वाद मिटतो.

फ्यूज होता, पण इन्व्हर्टरजवळ. म्हणजे बॅटरीपासून केबिनपर्यंतची चार मीटर वायर उघड्यावर. चॅसीच्या कडेला घासून तिचं रबर फाटलं तर तिला थांबवणारं काहीच नाही. फ्यूज इन्व्हर्टरसाठी नसतो, वायरसाठी असतो. तो बॅटरीच्या प्लसपासून वीसेक सेंटिमीटरच्या आतच हवा.

आणि अर्थिंग. इन्व्हर्टरच्या मायनसची वायर केबिनच्या पत्र्यात एका सेल्फ स्क्रूने ठोकली होती, रंगावरच. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते. तिथून चॅसीकडे करंट जायला एखादी पातळ पट्टी असते. ती गंजली की करंट जिथून वाट मिळेल तिथून घुसतो, अगदी गिअर-ॲक्सिलरेटरच्या कंट्रोल केबलमधूनसुद्धा. ६०० वॅटवर १२ व्होल्टमध्ये साधारण ५८ अँपिअर वाहतात. तेव्हा प्लसच्या वायरीत ०.४ व्होल्ट गळत होते आणि मायनसच्या बाजूला १.२. बॅटरी १२.० दाखवत असताना इन्व्हर्टरला मिळत होते १०.४. तो बंद पडणारच.

इथे दोन वेगळी कामं एकात गुंडाळली जातात. मायनसची जाड केबल प्लसइतकीच जाड घेऊन थेट बॅटरीच्या मायनसला न्यायची, बॉडीतून नाही. इन्व्हर्टरच्या डब्यावर अर्थचा जो वेगळा स्क्रू असतो, त्याची हिरवी-पिवळी वायर चॅसीला जाते. तीही दीड मिमीची नको. प्लस चुकून डब्याला टेकला तर फ्यूज उडेपर्यंत तिने तग धरला पाहिजे, म्हणून मुख्य केबल २५ ची तर ही १६ ची. चॅसीवर रंग खरवडून चकचकीत लोखंड काढायचं, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली भोकाची पट्टी) थेट लोखंडावर बसवायचा, वॉशर त्याच्या वर, बोल्ट करकचून आवळायचा आणि मग ग्रीस. वॉशर लगच्या खाली घालणारे खूप आहेत. तिथेच सांधा तापतो.

काहीजण 'पक्कं अर्थिंग' म्हणून २३० व्होल्टच्या बाजूचा न्यूट्रलही बॉडीला जोडून देतात. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये दोन्ही पिनांवर बॉडीच्या तुलनेत निम्मा-निम्मा व्होल्टेज असतो, त्यामुळे असा जोड दिला की इन्व्हर्टर जळू शकतो. माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल तरच हे करायचं.

सरळ काम असं: २४ व्होल्टवर १००० वॅटला साधारण ५० अँपिअर. चार मीटर अंतराला २५ चौरस मिमीचं खरं तांबं, जाऊन-येऊन नुसत्या वायरीची गळती ०.३ व्होल्टच्या आत. फ्यूज ८० अँपिअरचा, निदान ३२ व्होल्टला चालणारा. लग हायड्रॉलिक क्रिम्पने दाबलेले, हातोडीने नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी कडी.

पैसे द्यायच्या आधी जवळपास पूर्ण भार दहा मिनिटं चालवा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं इन्व्हर्टरच्या प्लसवर. मग तसंच मायनसचं. फ्यूज आणि सांधे धरून दोन्ही मिळून २४ व्होल्टला ०.७ च्या आत हवं. भार काढल्यावर प्रत्येक लगवर बोट टेकवा. जो चटका देतो तो सांधा सैल. 'एवढा भार लावला तर वॉरंटी जाते' असं वायरिंगवाला म्हणाला, तर लेबलवरच्या आकड्याकडे बोट दाखवा.

बिलावर केबलचं माप आणि 'शुद्ध तांबं' हे शब्द लिहून घ्या, आणि त्याच गुंडाळीतला वीतभर तुकडा कापून बिलाला टाचून ठेवा.