‘संशोधनात तुमची निवड झाली आहे’: आईच्या मधुमेहावर झालेल्या बनावट चाचणीचा अनुभव

माझ्या आईला १७ वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या वर्षी श्रावणाच्या सुरुवातीला सांगलीत विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात मधुमेह तपासणीचे मोफत शिबिर भरले होते. शेजारच्या काकूंबरोबर ती तिथे गेली आणि परत आली ती हातात एक निळी फाईल घेऊन. फाईलवर ‘क्लिनिकल ट्रायल, सहभागी क्रमांक ११७’ असे छापलेले होते. ‘आपली संशोधनात निवड झाली,’ हे तिने मला ज्या समाधानाने सांगितले ते मी विसरू शकत नाही, कारण पुढे जे काही घडले ते या एका शब्दाच्या बळावर घडले. कुणी चूर्ण विकायला आले असते तर आईने दारातूनच परत पाठवले असते. जाहिरातींना भुलणारी ती बाई नाही. इथे मात्र आपल्या आजाराचा चार लोकांना उपयोग होईल अशी तिची भावना होती, आणि म्हणूनच ज्यांच्या घरी मधुमेहाचे, सांधेदुखीचे किंवा कर्करोगाचे जुने रुग्ण आहेत त्यांनी हा अनुभव सविस्तर वाचावा अशी माझी विनंती आहे.

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर त्यांच्या केंद्रावर गेले. तिथे पडद्यावर ब्रिटनमधल्या एका संशोधनाची माहिती दाखवली गेली. ते संशोधन खरे आहे, हे मी नंतर पडताळून पाहिले. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाईनसाईड भागातल्या सुमारे ३०० मधुमेही रुग्णांवर झालेला तो ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींचाच आहार घेतलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधांशिवाय आटोक्यात होता, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. पडद्यावर ४६ हा आकडा मोठ्या अक्षरांत होता. त्या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेलेच रुग्ण घेतले होते, इन्सुलिन घेणारे रुग्ण वगळले होते, दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले होते आणि त्यात कोणतेही चूर्ण नव्हते, यातले काहीच आम्हाला सांगितले गेले नाही. १७ वर्षांचा मधुमेह आणि थोडे कमकुवत झालेले मूत्रपिंड असलेल्या माझ्या आईला त्या अभ्यासात प्रवेशच मिळाला नसता. दुसऱ्याच्या प्रामाणिक संशोधनाच्या आडोशाला उभे राहून आपला माल विकायचा, ही त्यांची पहिली युक्ती होती आणि ती मला त्या वेळी ओळखता आली नाही.

पहिल्या टप्प्याचे ‘सहभाग शुल्क’ ३८,५०० रुपये होते. मी विचारले, की चाचणी तुमची आहे तर पैसे आम्ही का द्यायचे? त्यावर तिथल्या सल्लागार बाईंनी शांतपणे उत्तर दिले, की सरकारी अनुदान अजून मंजूर झालेले नाही, आणि मावशींनी (म्हणजे माझ्या आईने) पैसे भरले तर त्या पथ्य मनापासून पाळतील. हे उत्तर मला पटले नव्हते, तरी मी आईच्या उत्साहाकडे पाहून गप्प बसले. याच ठिकाणी आम्ही उठून यायला हवे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात, की नेहमीच्या उपचारांपलीकडचा, संशोधनासाठी होणारा कोणताही खर्च सहभागी व्यक्तीकडून घेऊ नये. पावती मी घरी येऊन नीट वाचली, तेव्हा तिच्यावर संशोधनाचा उल्लेखही नव्हता. ‘पोषणपूरक उत्पादने, विक्री’ एवढेच लिहिलेले होते.

पैशांच्या बदल्यात दोन वस्तू मिळाल्या. एक प्रथिनांच्या पावडरीचा डबा होता. त्याच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक होता आणि तो दाखवून ‘हे सरकारमान्य आहे’ असे आम्हाला सांगितले गेले. हा क्रमांक उत्पादकाकडे खाद्यपदार्थ बनवण्याचा परवाना आहे एवढेच सांगतो. त्या पदार्थाने आजार बरा होतो असे प्राधिकरण कुठेही म्हणत नाही. डब्याच्या मागच्या बाजूला इंग्रजीत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचनाही होती. अशा उत्पादनांवर ती छापणे बंधनकारक आहे, पण आईला इंग्रजी वाचता येत नाही आणि मी डबा उलटा करून पाहिला नाही. दुसरी वस्तू म्हणजे तपकिरी चूर्णाच्या पारदर्शक पिशव्या. त्यांच्यावर पेनने ‘बी-२’ असे लिहिले होते. नाव, घटक, उत्पादक, तारीख काहीच नव्हते. विचारल्यावर उत्तर मिळाले, की ही ‘डबल ब्लाइंड’ चाचणी आहे, म्हणून औषधाचे नाव रुग्णाला सांगता येत नाही. ऐकायला हे शास्त्रीय वाटते. खऱ्या दुहेरी अंध चाचणीत कोणाला औषध आणि कोणाला औषधासारखी दिसणारी निरुपयोगी पूड मिळाली हे गुप्त ठेवतात. ज्या औषधाचा अभ्यास चालला आहे त्याचे नाव, घटक आणि संभाव्य दुष्परिणाम सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेतल्या माहितीपत्रकातून आधीच सांगावे लागतात. शिवाय आईसह आमच्या ओळखीतल्या ज्या चौघांनी नाव नोंदवले होते त्या चौघांच्याही पिशव्यांवर ‘बी-२’च होते. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

आईच्या नेहमीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितल्या. संध्याकाळी सातनंतर काही खायचे नाही, असा नियम होता. दर रविवारी फोन करून साखरेचे आकडे विचारले जात. २१२ असलेली उपाशीपोटीची साखर तीन आठवड्यांत ९४ वर आली. घरातल्या ग्लुकोमीटरवर तो आकडा मी स्वतः पाहिला होता, त्यामुळे माझी शंका मावळली आणि दुसऱ्या टप्प्याचे २२,५०० रुपये मीच माझ्या खात्यातून भरले. त्या टप्प्यात चूर्णाची मात्रा दुप्पट झाली.

गौरी जेवल्या त्या दिवशी आईने पुरणपोळीचा नैवेद्य केला, पण स्वतः एक घासही घेतला नाही. ‘चाचणीचा नियम आहे, मोडला तर त्यांचे आकडे चुकतील,’ असे ती म्हणाली. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास तिच्या खोलीतून भांडे पडल्याचा आवाज आला. मी गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती. साडी घामाने ओलीचिंब झाली होती आणि ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. साखर ३८ होती. मी तिच्या हिरड्यांना साखर चोळली, भावाने गाडी काढली आणि आम्ही तिला मिरजेला रुग्णालयात नेले.

सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर ती शुद्धीवर आली, पण दोन-तीन तासांनी साखर पुन्हा ५० च्या खाली गेली, आणि दुपारी आणखी एकदा. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारले, ‘ताई, यांनी कोणती गोळी घेतली?’ गोळ्या महिनाभरापासून बंद आहेत, असे मी सांगितले आणि न उघडलेल्या पट्ट्या घरून आणून दाखवल्या. तेव्हा ते म्हणाले, ‘मग त्या चुर्णात गोळी आहे. नुसत्या पथ्याने साखर उतरते, पण ग्लुकोज दिल्यावर अशी पुन्हा पुन्हा कोसळत नाही.’ ग्लिबेनक्लामाइड नावाचे मधुमेहाचे एक जुने, स्वस्त औषध आहे. माणूस जेवलेला असो वा नसो, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याचा अंमल लांबतो. वनौषधींच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या चूर्णांत ते मिसळल्याची प्रकरणे जगात अनेक ठिकाणी सापडली आहेत. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये बेकायदा विकल्या गेलेल्या लैंगिक शक्तिवर्धक औषधांत हेच औषध निघाले होते. तिथे पाच महिन्यांत १५० जण साखर कमी होऊन रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांतले चौघे दगावले. आई अडीच दिवसांनी घरी आली. आम्ही उरलेले चूर्ण खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि अहवालात ग्लिबेनक्लामाइडच आले.

म्हणजे ज्या ९४ या आकड्यावर विश्वास ठेवून मी दुसऱ्यांदा पैसे भरले तो आकडा खरा होता, पण तो आहाराचा नव्हता आणि वनस्पतींचाही नव्हता. ज्या औषधांना केंद्रावरचे लोक ‘रासायनिक विष’ म्हणत होते त्यांतलेच एक औषध, नाव न सांगता आणि मात्रा न मोजता, ते आईला देत होते.

रुग्णालयात बसल्या बसल्या मी फाईलवरचा नोंदणी क्रमांक शोधला. हे काम कोणालाही, कोणतेही शुल्क न देता करता येते. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका संस्थेकडून चालवली जाते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी केलेलीच नोंद तिथे स्वीकारली जाते. आयुर्वेद, योग आणि आहारावरच्या चाचण्याही तिच्यात असतात. फाईलवरचा क्रमांक खरा निघाला, पण तो गुडघेदुखीवरच्या एका तेलाच्या अभ्यासाचा होता. संस्था वेगळी होती, शहर वेगळे होते आणि रुग्णसंख्या ६० होती. आमच्या फाईलवर सहभागी क्रमांकच ११७ होता. तेव्हा क्रमांक आहे एवढ्यावर कोणी समाधान मानू नये. नोंद उघडून आजार, औषध, केंद्राचा पत्ता, मुख्य संशोधकाचे नाव, नीतिमत्ता समितीची (रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची) मान्यता आणि पैसा कोण पुरवतो हे सगळे आपल्या हातातल्या कागदाशी ताडून पाहावे. नोंद जुळली तरी ती म्हणजे सरकारने त्या औषधाला दिलेली मान्यता नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

संमतिपत्राबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. आईने सही केलेल्या कागदावर ‘परिणामांची सर्व जबाबदारी माझी राहील’ असे वाक्य होते आणि त्याची प्रत आम्हाला दिली गेली नाही. ती ‘रेकॉर्डसाठी’ ठेवावी लागते, असे सांगितले गेले. खऱ्या संशोधनात याच्या उलट असते. संमतिपत्राची प्रत सहभागी व्यक्तीला मिळते, कधीही आणि कारण न देता बाहेर पडण्याचा तिचा हक्क त्यात लिहिलेला असतो आणि संशोधनामुळे इजा झाली तर उपचार व भरपाई मिळण्याचा तिचा अधिकार सहीने काढून घेता येत नाही.

माझा राग आयुर्वेदावर किंवा आहारोपचारावर नाही, हे मुद्दाम लिहिते. आपल्याकडे या विषयांवर नीट संशोधन होते. पुण्यातल्या संशोधकांच्या पुढाकाराने अनेक केंद्रांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक औषधांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांशी तुलना केली होती. आयुर्वेदिक औषधे त्यांच्या बरोबरीने उपयोगी पडली, असा तिचा निष्कर्ष होता, आणि काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित ‘एसजीपीटी’ वाढले म्हणून सुरक्षिततेची आणखी तपासणी हवी, हेही त्या संशोधकांनी त्याच लेखात लिहून ठेवले. आम्ही त्या केंद्रावर एकदाही कोणाच्या तोंडून दुष्परिणाम हा शब्द ऐकला नाही. रक्ताच्या इतर तपासण्या, मूत्रपिंडाची तपासणी, एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) यांतले काहीही कोणी मागितले नाही.

मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारविषयक कायद्याने मुळातच निषिद्ध आहे, हे मला तिथे समजले. माझ्याकडच्या सगळ्या पिशव्या उघडलेल्या होत्या, त्यामुळे पुरावा दुबळा ठरू शकतो, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. म्हणून ज्यांना शंका येईल त्यांनी एक पिशवी न उघडता पावतीसह बाजूला ठेवावी. खरेदी केलेले औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याची सोय कायद्यात ग्राहकाला दिलेली आहे. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतंत्र दावा केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आमच्या ओळखीतले बाकीचे तिघे तक्रार द्यायला तयार झाले नाहीत. एकाच्या सुनेने तर ‘आमच्या मामंजींची साखर छान आहे, तुम्ही कशाला विघ्न आणता’ असे मला सुनावले. मी तिला प्रयोगशाळेचा अहवाल पाठवला आहे. मामंजींनी चूर्ण थांबवले की नाही हे तिने कळवलेले नाही.

जानेवारीत त्याच लोकांचे शिबिर इस्लामपुरात भरले. तिथे गेलेल्या माझ्या एका सहकारी शिक्षिकेने पडद्यावरच्या ‘यशस्वी रुग्णांच्या’ यादीचा फोटो मला पाठवला. तिसऱ्या ओळीत लिहिले होते: ‘सहभागी ११७, स्त्री, ६६ वर्षे, उपाशीपोटी साखर २१२ वरून ९४, सर्व गोळ्या बंद.’ रुग्णालयाचा त्यात उल्लेख नव्हता. आईने तो फोटो मोबाईलवर बोटांनी मोठा करून पाहिला आणि मला विचारले, ‘माझे नाव त्या यादीतून काढायला कुणाला सांगायचे?’ मी तो फोटो तक्रारीला जोडला आहे.