निवांत चार दिवस: रतनवाडी की कल्पा?

सुट्टीत स्थळं उरकायची नाहीत, एकाच डोंगरगावात पाय पसरून राहायचं, असं ठरवलं असेल तर ही दोन गावं मी मनापासून सुचवते. एक आपल्या अकोले तालुक्यातलं, रतनगडाच्या पायथ्याचं. दुसरं हिमाचलातल्या किन्नौरमधलं.

आधी प्रवासाचं बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. रतनवाडीसाठी इगतपुरीला उतरून शेंडीमार्गे जायचं. सकाळी मुंबई सोडली तर दुपारची भाकरी गावात. कल्पाला मात्र सिमल्यापासूनच सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास घाटरस्ता आहे, बराचसा सतलजच्या कडेने कोरलेला. मुंबई-पुण्याहून जाण्यायेण्यातच चार दिवस मोडतात. हाताशी आठ-दहा दिवस नसतील तर कल्पाचा विचार सोडा.

तेवढे दिवस असतील, तर कल्पासारखं दुसरं गाव मला माहीत नाही. दरीपलीकडे समोरच किन्नर कैलासची रांग. संध्याकाळी उन्हं खालून वर सरकत जातात आणि शेवटी फक्त शिखरं पेटलेली राहतात. मी तीन संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून हेच पाहिलं आणि चौथ्या दिवशी निघवेना. उंची सुमारे २,९०० मीटर, त्यामुळे पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदं उतरवायचं काम चालतं, जेवायला राजमा-भात. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळून रस्ता बंद पडतो, तेव्हा नको. १९५१ साली स्वतंत्र भारतातलं पहिलं मत देणारे श्यामसरण नेगी गुरुजी इथलेच.

रतनवाडीत असा डोळे दिपवणारा देखावा नाही. अमृतेश्वराच्या देवळाचं कोरीव काम आणि पुष्करणी पाहायला एक सकाळ पुरते. पण तिथे गावाचं काम चालू असतं आणि तुम्ही त्यात बसता. आषाढात मी गेले तेव्हा आवणी चालू होती. घरच्या मावशींनी भाताच्या रोपांची जुडी माझ्या हातात दिली. अंगठा आणि दोन बोटांत दोन-तीन काड्या धरायच्या, चिखलात दाबायच्या, एक पाऊल मागे सरकायचं. माझी ओळ वाकडी गेली, तर मावशी म्हणाल्या, "राहू दे, भाताला काय कळतंय!" तासाभरात कंबर धरली, पण तेवढ्या वेळात एकदाही फोन आठवला नाही. रात्री नाचणीची भाकरी, ठेचा आणि पत्र्यावरचा पाऊस.

इथे अडचण गर्दीची. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. गाड्यांच्या दिव्यांत काजवे दिसतही नाहीत. सोमवार ते गुरुवार जा.

सोबत वयस्कर आई-बाबा असतील, किंवा असं राहण्याची पहिलीच वेळ असेल, तर माझं मत रतनवाडीला. एकट्याने, कुणाशी फारसं न बोलता राहायचं असेल, तर ऑक्टोबरातलं कल्पा.

रतनवाडीत निदान तीन रात्री राहा आणि रतनगड शेवटच्या दिवसासाठी ठेवा. आवणीत जाणार असाल तर कपड्यांचे दोन जोड जास्तीचे न्या; त्या पावसात काही म्हणजे काही वाळत नाही.