आयपी पत्ते इरिनकडून घ्यावेत की लीजवर? एका छोट्या इंटरनेट सेवादाराचा अनुभव

सातारा जिल्ह्यात सुमारे दोन हजार जोडण्यांची सेवा चालवताना आमच्यासमोर दोन वाटा होत्या: निक्सी या राष्ट्रीय इंटरनेट एक्सचेंज संस्थेच्या अखत्यारीतील इरिनचे (भारतात आयपी पत्ते वाटणाऱ्या नोंदणी संस्थेचे) सदस्य होऊन स्वतःचे पत्ते, म्हणजे इंटरनेटवर जोडणीची ओळख ठरवणारे क्रमांक, घ्यायचे, किंवा युरोपातील एखाद्या मालकाकडून पत्त्यांचा ब्लॉक (सलग गट) लीजवर, म्हणजे भाड्याने, घ्यायचा. आशिया-पॅसिफिकसाठी पत्ते वाटणाऱ्या ब्रिस्बेनच्या एपनिककडे थेट जाता येते, पण नियम आणि पत्त्यांची मर्यादा तीच, शिवाय शुल्क ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, म्हणून तो विचार आम्ही लवकरच सोडला.

लीजची बाजू लंगडी नाही. नव्या सदस्याला इरिनकडून जास्तीत जास्त ५१२ आयपीव्ही४ (जुन्या, टंचाई असलेल्या प्रकारचे) पत्ते मिळतात. एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिकचा साठा शेवटच्या मोठ्या ब्लॉकवर आला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांनाही काही उरावे म्हणून प्रत्येकी १०२४ ची कमाल मर्यादा लागू झाली, आणि २०१९ मध्ये तीही निम्म्यावर आली. लीजवर मात्र पैसे मोजले की हवे तेवढे मिळतात. आम्ही १०२४ घेतले.

आठवडाभरातच फोन सुरू झाले. एका शिक्षकांना बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश मिळेना, कारण त्या यंत्रणेला त्यांचे घर नेदरलँड्समध्ये दिसत होते. त्यांच्या शेजाऱ्यांच्या मुलीला परीक्षेचा अर्ज भरायचा होता. ते सरकारी पान आमच्या जोडणीवर उघडत नव्हते आणि मोबाइल डेटावर लगेच उघडत होते, त्यामुळे दोष अर्थातच आमच्यावर आला. आयपी पत्त्याला स्वतःचा देश नसतो. रजिस्ट्रीतील (पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीतील) नोंद आणि इतर खुणा पाहून वेगवेगळ्या कंपन्या त्याच्या ठिकाणाचा अंदाज बांधतात. तो चुकला की प्रत्येकीला स्वतंत्र मेल पाठवावा लागतो, आणि दुरुस्तीला आमच्या अनुभवात कधी चार दिवस लागले, कधी दीड महिना. रजिस्ट्रीतील नोंद तर मूळ मालकाच्या ताब्यात, म्हणजे तिथेही विनंतीच करायची.

शेवटी आम्ही इरिनकडे गेलो. कागदपत्रांची दोनदा पूर्तता करावी लागली, हे मान्य करायला हवे. पण नोंदीत देश भारत आहे आणि आरओए (हे पत्ते कोणत्या नेटवर्कने जाहीर करायचे याचा डिजिटल दाखला) आमचे आम्ही तयार करतो. ५१२ पत्ते अपुरे पडतील ही भीती होती. सीजीनॅट (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरण्याची पद्धत) आणि आयपीव्ही६ (मुबलक असलेले नव्या प्रकारचे पत्ते) यांवर आमचे व्यवस्थित भागले. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एपनिकची धोरणे वर्षातून दोनदा भरणाऱ्या खुल्या बैठकांत सहमतीने ठरतात आणि तिथे ऑनलाइनही बोलता येते. बोलायला सदस्यत्व लागत नाही हे खरे, परंतु लीजच्या ब्लॉकचे भवितव्य तिथे ठरतच नाही. ते दुसऱ्या प्रदेशाच्या नियमांवर अवलंबून असते.

काही महिन्यांपुरते सर्व्हर चालवणाऱ्यांना किंवा फार मोठ्या ग्राहकसंख्येला लीज कदाचित सोयीची पडेल. घेतलीच, तर आरओए, रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव शोधण्याची नोंद) आणि जिओफीड (पत्ते कुठे वापरात आहेत हे सांगणारी यादी) किती दिवसांत बदलून मिळेल, हे करारात लिहून घ्यावे. आमच्या करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती.