गोव्यात यॉट क्रूझ बुक करताय? ठिकाणांची यादी आधी नकाशावर मोजून बघा

गोव्यात यॉट बुक करायच्या विचारात असलेल्यांनी हे वाचा, विशेषतः ज्यांना मोबाईलवर 'कोस्टल लक्झरी क्रूझ' असलं काहीतरी सारखं सारखं दिसतंय त्यांनी. मांडवीत दोन तास फिरवून आणतात ती ट्रिप नव्हे, ती वेगळी. मी बोलतोय ते तीन दिवस दोन रात्रीवाल्या पॅकेजबद्दल, बोटीवरच झोपायचं, वर शेफ, बार्बेक्यू, आणि एकेक बीच आणि बेट करत किनाऱ्याने जायचं. आमच्या नात्यातले एक लाख पस्तीस हजार गेलेत त्यात.

मी म्हापशाचा, बायकोचं आजोळ सांगलीचं. तिच्या मामा-मामींच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून तिच्या मामेभावाने सगळ्यांना सरप्राईज द्यायचं ठरवलं, आणि सरप्राईज म्हणजे आम्हालाही सांगायचं नाही. इन्स्टावर जाहिरात दिसली, फोटो एक नंबर, पांढरीशुभ्र कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली बोट, डेकवर गाद्या. याने मेसेज टाकला, पाच मिनिटांत उत्तर, एप्रिलमध्ये साठ हजार ॲडव्हान्स. मग 'दोन राज्यांच्या परवानग्या आणि नेव्ही क्लिअरन्स' म्हणून पंचेचाळीस हजार. तारीख मेच्या मध्याची होती, ती 'टेक्निकल कारणाने' ढकलून जूनचा पहिला आठवडा केली आणि वर तीस हजार सिक्युरिटी डिपॉझिट घेतलं, रिफंडेबल म्हणे. ते भरल्यावर त्याच संध्याकाळी मामेभावाचा मला फोन, "दाजी, नावशी मरिनाला गाडी लावायला जागा मिळते का हो?"

आता पणजीजवळच्या नावशीला मरिना, म्हणजे यॉट लावायचं बंदर, नको म्हणून तिथल्या लोकांनी किती विरोध केला ते गोव्यात पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. म्हटलं अरे कसली मरिना, आणि जूनमध्ये कसली क्रूझ, आधी तो कागद पाठव मला.

कागद आला तो बघण्यासारखा होता. पहिला दिवस आग्वाद, ग्रांद आयलंड, रात्री पाळोळे. दुसरा दिवस सकाळी बटरफ्लाय बीच, मग 'अंजदीव आयलंड प्रायव्हेट वॉक', दुपारचं जेवण नेत्राणीला स्कूबासकट, आणि सनसेट मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर शॅम्पेनसह. तिसरा दिवस तेरेखोल करून पणजी. वाचायला काय सुंदर वाटतं! सांगलीत बसून वाचणाऱ्याला ही सगळी नावं एकाच किनाऱ्यावरची, म्हणजे जवळजवळचीच वाटणार, त्यात त्याचा काय दोष.

मी तो कागद घेऊन मालिमच्या जेट्टीवर गेलो, तिथे ओळखीचे एक तांडेल काका आहेत, उभा जन्म ट्रॉलरवर गेलाय त्यांचा. त्यांनी दुसऱ्या दिवसावर बोट ठेवलं आणि "पिसो जाला काय तो?" (वेडा झालाय काय तो?) एवढंच म्हणाले. मग तिथेच जाळ्यांच्या ढिगावर बसून हिशोब सांगितला. तो इथे देतो, कारण माझ्या मते अख्ख्या फसवणुकीचा पुरावा त्या यादीतच होता, बाकी फोटो, रिव्ह्यू, लोगो वगैरे काय, कुणीही बनवतं.

समुद्रातलं अंतर नॉटिकल मैलात मोजतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. झोपायच्या खोल्या असलेली शिडाची कॅटामरान आरामात चालते ती पाच ते सात नॉटनी. सहा धरले तर ताशी अकरा किलोमीटर, आमचा सायकलवरचा पोदेर पाव घेऊन याच्यापेक्षा जोरात जातो. मांडवीच्या मुखापासून पाळोळे तीस-पस्तीस नॉटिकल मैल, म्हणजे सहा तास सहज. पाळोळेहून नेत्राणी साठच्या आसपास, दहा तास. ते बेट कर्नाटकात भटकळच्या बाजूला आहे, लोक तिथे मुरुडेश्वरहून जातात कारण तिथून ते वीसेक किलोमीटरवर आहे, गोव्यातून नाश्ता करून जेवायला जायची ती जागाच नव्हे. आणि नेत्राणीहून मालवण सव्वाशेच्या वर! म्हणजे सहा नॉटनी वीस तासांहून जास्त, आणि यांनी ते जेवण ते सूर्यास्त यात बसवलंय. बरं, अंजदीव कारवारच्या नौदल तळाच्या ताब्यात आहे, तिथे प्रायव्हेट वॉक करायला हा कोण लागून गेला, ॲडमिरल?

आणखी एक गोष्ट तांडेल काकांनी सांगितली ती मला नवीन होती. शाळेत खारे वारे मतलई वारे शिकलोच आपण, पण त्याचा अर्थ असा की आपल्या किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो आणि समुद्र उचलायला लागतो. म्हणजे दक्षिणेकडे जाताना ठीक, पण दुपारी नेत्राणीहून मालवणकडे म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, बोट आपटत आपटत जाणार. सत्तरी ओलांडलेल्या मामींना घेऊन. जाणकार माणूस उत्तरेचा टप्पा पहाटे निघून सकाळीच संपवतो. शिवाय मालवणच्या बंदरात खडक इतके की वाट माहीत असलेला माणूस बोटीवर नसेल तर सूर्यास्ताच्या वेळी तिथे शिरायचं धाडस कुणी करत नाही.

आणि जून. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, वॉटर स्पोर्ट्सही पावसाळ्यात बंद. रिव्हर प्रिन्सेस नावाचं एवढं मोठं जहाज २००० सालच्या जूनमध्येच कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि पुढे किती वर्षं तिथेच सडत होतं, आम्ही सगळ्यांनी बघितलंय ते. तर तारीख मे वरून जूनवर का ढकलली? पावतीच्या खाली बारीक अक्षरात होतं, 'खराब हवामानामुळे ट्रिप रद्द झाल्यास रक्कम परत मिळणार नाही'. म्हणजे पाऊसच यांचा पार्टनर. बोट असायचीच गरज नाही, हवामान खराब होणारच आहे, आणि गिऱ्हाईक नशिबाला बोल लावत घरी बसणार.

मी त्या माणसाला फोन लावला. आधी हिंदीत सर सर चाललं होतं, मी मराठीत बोललो तर लगेच "मी पण मराठीच साहेब, आपल्या माणसाला फसवेन का?" म्हटलं बरं, बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर सांगा. "एनओसी प्रोसेसमध्ये आहे." आग्वादहून नेत्राणी किती नॉटिकल मैल? "असेल सर तीसेक." नव्वदच्या पुढे आहे हो ते! मग म्हणाला आमची बोट चाळीस नॉटनी जाते. शेफ आणि बार्बेक्यू घेऊन चाळीस नॉट. त्यानंतर नंबर बंद.

फोटोतली बोट मात्र खरी निघाली. ब्रिटोनाच्या बाजूला लागते, मालक भला माणूस, वैतागलेला, त्याचे फोटो उचलून कुणीकुणी पैसे घेतंय आणि लोक बॅगा घेऊन त्याच्या दारात येतायत. त्याची बोट रात्रीच्या ट्रिपला जातच नाही, किती माणसं घ्यायची आणि कुठपर्यंत जायचं ते त्याच्या सर्व्हेच्या कागदावर लिहिलेलंच आहे. गोव्यात बोटींचं रजिस्ट्रेशन, परवाना हे कॅप्टन ऑफ पोर्ट्स बघतं, हद्द ओलांडून मालवणला गेलात की महाराष्ट्राचं मेरिटाइम बोर्ड आलं. नदीसाठी पास झालेली बोट उघड्या समुद्रात नेता येत नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला एकाच बोटीतून तीन राज्यांचा किनारा विकत असेल तर त्याच बोटीचे कागद मागा, नंबर, सर्व्हे, इन्शुरन्स, कॅप्टनचं लायसन्स, आणि बोटीवरूनच व्हिडिओ कॉल करायला सांगा, ज्यात बाहेर रंगवलेला नंबर दिसला पाहिजे. खरा मालक कटकट करेल पण दाखवेल.

पैशाचं सांगतो. तीनही वेळा यूपीआयवर वेगवेगळ्या माणसांची नावं आली होती, कंपनीचं एकदाही नाही. मामेभावाने त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करून तक्रार नोंदवली, त्यामुळे शेवटचे तीस हजार पुढच्या खात्यात होल्डवर अडकले. ते अजून हातात आलेले नाहीत, पण निदान पळाले नाहीत. आधीचे एक लाख पाच हजार केव्हाच पुढे पुढे गेलेले. तेव्हा शंका आली की 'उद्या एकदा बोलून बघू' करत बसू नका, आधी १९३०. आणि बोट खरी असेल, माणूस समोर असेल, पण सांगितलं एक आणि दिलं दुसरंच असं झालं तर ते ग्राहक तक्रारीचं प्रकरण. त्याला १९१५ हेल्पलाईन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, सांगलीच्या माणसाला तारखांना गोव्यात खेपा घालायला नकोत.

ज्यांना खरंच किनारा बघायचाय त्यांनी माझं ऐकाल तर बोट एकच ठेवायचा हट्ट सोडा. मांडवीतून मिरामार, रेइश मागुश, आग्वाद हे यॉटवर करा, संध्याकाळचं झकास होतं. ग्रांद आयलंड वेगळ्या दिवशी, सकाळी लवकर. पाळोळेला गाडीने जा आणि तिथल्या लोकांच्या होडीतून बटरफ्लाय बीच बघा. मालवणलाही रस्त्याने जा, किल्ल्याला तिथलीच होडी. लक्झरी कमी वाटेल कदाचित, पण मामी परवा पाळोळ्याच्या होडीत बसून जे हसत होत्या ते त्या शॅम्पेनवाल्या फोटोत कुणीच हसत नव्हतं. मामांना उलटी झाली ती गोष्ट वेगळी.

ती जाहिरात अजून चालू आहे, फक्त नाव बदललंय, फोटो तेच. नेत्राणी काढून टाकलंय आणि त्या जागी लक्षद्वीप घातलंय, जिथे जायला आधी एंट्री परमिट लागतं आणि गोव्यातून सहा नॉटनी निघालात तर अगत्ती यायलाच दोन दिवस लागतील. पॅकेज तीन दिवसांचंच आहे. दिसली तर रिपोर्ट करा.