5 एचपी सौर कृषी पंप (डीसी): विहिरीला झकास, खोल बोअरला जपून

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला 5 एचपीचा डीसी सबमर्सिबल संच मराठवाड्यात आता बांधाबांधावर दिसतो. सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के भरावे लागतात. त्या पैशात प्लेटा (सौर पॅनल), स्ट्रक्चर, कंट्रोलर (प्लेटांची वीज मोटारीला जुळवून देणारी पेटी), मोटार-पंप, पाच वर्षांची देखभाल आणि विमा येतो. या भावात तक्रारीला जागा कमीच. 60-70 फुटांच्या विहिरीवर हा संच डोळे झाकून घ्यावा. बोअरचं पाणी 300 फुटांखाली असेल, तर मात्र हिशेब मांडूनच पैसे भरावेत.

योजनेत एचपी ठरतो जमिनीवरून: अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. सातबारा बघून हे ठरतं, पण पाणी किती खोल आहे हे सातबाऱ्यावर कुठे लिहिलेलं असतं? 1,000 लिटर पाणी 30 मीटर वर आणायला, पंप-मोटारीतली तूट धरून, साधारण 0.17 युनिट लागतं. 70 मीटरला 0.4 युनिट. 4.8 किलोवॉटच्या प्लेटा मार्चच्या स्वच्छ उन्हात दिवसाला 22-24 युनिट देतात. म्हणजे तेवढ्याच प्लेटांवर 30 मीटरला सव्वा लाख लिटरच्या पुढे पाणी निघेल, 70 मीटरला 55-60 हजारांवर समाधान मानावं लागेल.

म्हणून संयुक्त पाहणीच्या दिवशी (महावितरण आणि कंपनीची माणसं जागा बघायला येतात तेव्हा) स्वतः हजर राहा आणि पाण्याची पातळी मे महिन्यातली सांगा. पाहणी दिवाळीच्या आसपास झाली की विहिरी-बोअर तुडुंब असतात, कमी हेडचा (हेड म्हणजे पंप पाणी जितकं उंच चढवू शकतो ती उंची) पंप लिहिला जातो आणि एप्रिलमध्ये मोटार नुसती फिरते, पाणी वर येत नाही. पंप बिघडलेला नसतो, हेड संपलेलं असतं. उलटही करू नये: उथळ विहिरीवर 100 मीटर हेडचा पंप बसवला तर धार बारीक पडते.

हेडमध्ये पाइपलाइनही धरायची असते, आणि नेमकी तीच विसरली जाते. सेकंदाला 5 लिटर पाणी 63 मिमी पाइपातून 300 मीटर लांब न्यायचं म्हटलं की घर्षणातच 20-22 मीटर हेड जातं. 75 मिमी पाइप टाकला तर 9-10 मीटर. विजेच्या मोटारीवर ही नासाडी खपून जायची, इथे प्रत्येक मीटर प्लेटांतून वजा होतो. जुनी बारीक पाइपलाइन तशीच ठेवून सौर पंपाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

उभारणीत सगळ्यात कच्चं काम पायाचं होतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; दोन फुटांवर काँक्रीट ओतून मोकळं झालं की वर्षभरात खांब कलतो आणि मे महिन्याच्या वावटळीत प्लेटांसह आडवा होतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल घ्यायला लावा, काँक्रीटला आठवडाभर पाणी मारा, मगच वर प्लेटा चढवू द्या. कंट्रोलरची पेटी प्लेटांच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला हवी. पश्चिमेला तोंड करून उन्हात टांगली की दुपारी तापून मोटार मंदावते किंवा बंद पडते.

540 वॉटच्या नऊ प्लेटा एकाच सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडलेल्या असतात. बाभळीची सावली त्यांतल्या एकीवर पडली तरी एकूण पाणी कमी होतं. या सिरीजला 400 व्होल्टच्या वर डीसी असतो, त्यामुळे चालू पंपाचं कनेक्टर ओढून काढायचं नाही. डीसीची ठिणगी सहजासहजी विझत नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, मग हात. प्लेटा पहाटे धुवाव्यात, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

उणी बाजू दोन ठिकाणी जाणवते. एक म्हणजे पावसाचा खंड. ऑगस्टमध्ये सोयाबीन शेंगा भरत असताना पाऊस दडी मारतो, पण आभाळ मात्र भरलेलंच. तेव्हा स्प्रिंकलरला लागणारा दोन-अडीच किलो दाब मिळत नाही, ठिबकची शेवटची नळी कोरडी राहते, ठिबकमधून खत सोडणारी व्हेंच्युरी खत ओढत नाही. त्यावर उपाय म्हणजे ठिबकचे लहान लहान भाग पाडणे किंवा शेततळ्यात पाणी साठवणे. हरभरा, ज्वारी, मोसंबीला पाणी लागतं तेव्हा ऊन स्वच्छ असतं, म्हणून तिथे ही अडचण जवळपास येत नाही. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. डीसी मोटार गावातला रिवाइंडिंगवाला उघडत नाही. ती कंपनीकडेच जाते. ऐन पेरणीत हे दिवस मोजणं अंगावर येतं. पर्याय असेल तर एसी मोटारीचा संच मागावा, जळाली तर ती रिवाइंड करायला निदान माणूस तरी मिळतो.

आधीच वीजजोडणी असलेल्यांसाठी ही योजना नाही, आणि त्यांना घाईही नको. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषी पंपांना एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी वीजबिल माफ आहे. शिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) दिवसा थ्री फेज द्यायचा बेत आहे. परळीचं औष्णिक केंद्र 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं; दुष्काळी भागात पाणी न पिणारी वीज हवीच. फक्त डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की फीडर सौर असो की कोळशाचा, ऑइल आणि वायरमन यांची वाट पाहणं चुकत नाही.

संच ताब्यात घेताना सही करण्याआधी बाराच्या उन्हात 200 लिटरचा ड्रम भरून बघा. 40 सेकंदांत भरला तर सेकंदाला 5 लिटर. तुमच्या हेडला कंपनीने कागदावर जे पाणी दाखवलंय, त्याच्याशी ताडून बघा. प्लेटांचे सिरीयल नंबर फोटो काढून ठेवा; चोरी झाली की पोलीस ठाण्यात आणि विम्याला पहिल्यांदा तेच विचारतात.