जांभळा शांपू: पांढऱ्या केसांची नीळ

पांढऱ्या कपड्याला नीळ दिली की त्यातला पिवळेपणा निघून जात नाही. त्यावर निळसर छटा चढते आणि डोळ्यांना कापड पांढरे भासते. जांभळा शांपू केसांवर नेमके हेच करतो. रंगचक्रात पिवळ्याच्या समोर जांभळा येतो, म्हणून पिवळ्या झाकेवर थोडा जांभळा रंग बसला की दोन्ही एकमेकांना मारतात आणि केस रुपेरी दिसतात. पण नावात शांपू असल्यामुळे हा पदार्थ पिवळेपणा धुऊन काढत असेल असे वाटते, मग लोक तो रोज चोळतात, आणि या उत्पादनाबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी तिथूनच सुरू होतात.

आमचे मत आधीच सांगतो. पिकलेले केस तसेच ठेवायचे ठरवले असेल, तर ही बाटली घरात असावी. मात्र तिची जागा आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटांसाठी. रोजचा शांपू म्हणून हा पदार्थ वाईट आहे.

मुळात पिवळेपणा दोन तऱ्हेचा असतो, वर बसलेला आणि आत मुरलेला. पांढऱ्या केसात मेलॅनिन, म्हणजे केसाला रंग देणारे द्रव्य, नसते, त्यामुळे काळ्या केसात जे लपून जाते ते इथे लगेच दिसते. सिगारेटचा धूर, पाण्यातले लोह, पिवळसर तेले, केसांवर साचलेले सीरम आणि स्प्रे यांचा थर वर बसतो. आत मुरणारा पिवळेपणा उन्हामुळे आणि उष्णतेमुळे येतो. केसातल्या केराटिन या प्रथिनामध्ये ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल असते. अतिनील किरणांनी ते मोडते आणि त्यापासून पिवळसर संयुगे तयार होतात. मेलॅनिनची ढाल नसल्यामुळे पांढऱ्या केसाला हा मार जास्त बसतो. गरम इस्त्रीने (स्ट्रेटनरने) प्रथिन करपते, तो पिवळेपणाही आतलाच.

वर बसलेला थर काढता येतो, आत मुरलेला फक्त झाकता येतो. जांभळा शांपू या आत मुरलेल्यासाठी आहे. मळक्या थरावर जांभळा रंग चढवला तर केस गढूळ, राखाडी दिसतात आणि दोष बाटलीला जातो.

म्हणून विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. कानामागची किंवा कपाळाजवळची एक पिवळट बट वेगळी काढा. घटकांत ईडीटीए, फायटिक आम्ल किंवा सोडियम ग्लुकोनेट असलेला, म्हणजे धातू पकडून ठेवणारा, चिलेटिंग शांपू तिला लावा, तीन मिनिटे ठेवा, धुवा आणि हेच पुन्हा एकदा करा. बट पूर्ण वाळू द्या. मग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात शेजारच्या बटेशी ताडून पाहा. पिवळ्या बल्बखाली सगळेच केस पिवळे दिसतात. बट उजळली असेल तर महिन्यातून एक-दोनदा हाच शांपू वापरा, जांभळ्याची गरज कदाचित पडणारच नाही. फरक पडला नाही तर पिवळेपणा आतला आहे. पोहण्याच्या तलावामुळे केसांना हिरवट झाक आली असेल तर ती पाण्यातल्या तांब्याची असते, आणि तिच्यावर जांभळा रंग काहीच करत नाही. तिथेही चिलेटिंग शांपूच हवा.

आता लेबल. जांभळ्या शांपूत सहसा दोन प्रकारची रंगद्रव्ये आढळतात. सीआय (रंगद्रव्यांच्या सूचीतला क्रमांक) ६०७३०, म्हणजेच अॅसिड व्हायोलेट ४३, ऋणभारित आणि निळसर जांभळे असते. ते केसाला सैल धरते आणि पुढच्या धुण्यांत उतरते, त्यामुळे नवख्या माणसासाठी सुरक्षित. बेसिक व्हायोलेट २, बेसिक ब्लू ९९ अशी 'बेसिक' नावाची द्रव्ये धनभारित असतात. केसाचा पृष्ठभाग ऋणभारित असल्यामुळे ती घट्ट चिकटतात. रंग चांगला चढतो, पण चूकही तितकीच ठळक दिसते. त्यात बेसिक व्हायोलेट २ लालसर जांभळे आहे. तेच मुख्य द्रव्य असले आणि केस जवळजवळ पूर्ण पांढरे असले, तर गुलाबी झाक येते. यादीतल्या क्रमावरून रंगाच्या तीव्रतेचा अंदाज बांधू नये, कारण रंगद्रव्ये शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते.

त्यापेक्षा पांढरी बशी जास्त खरे सांगते. बशीत एक थेंब घ्या, त्यात चमचाभर पाणी घाला आणि पातळ झाल्यावर छटा पाहा. फिकट पिवळ्या केसांना शुद्ध जांभळी छटा हवी, पिवळा-नारिंगीकडे झुकत असेल तर निळसर जांभळी. लालसर दिसली तर ती बाटली पांढऱ्या केसांसाठी नाही. दुसरी चाचणी त्याहून उपयोगी: कंगव्यात निघालेल्या पांढऱ्या केसांचे तीन पुंजके बांधा आणि शांपूत एक, तीन आणि सात मिनिटे ठेवून धुवा. वाळल्यावर आपल्या केसांची वेळ समोर दिसते. बाटलीवर 'पंधरा मिनिटांपर्यंत' लिहिलेले असले तरी त्यावर जाऊ नका. विरंजन (ब्लीच) केलेल्या सोनेरी केसांचा पिवळेपणा गडद असतो, त्या हिशेबाने ती वेळ लिहिलेली असते. नैसर्गिक पांढऱ्या केसाला त्याच्या पाव वेळ पुरते.

लावण्याची पद्धत बाटलीपेक्षा महत्त्वाची. आधी साध्या शांपूने तेल काढून टाका, तेलकट केसावर रंग डागाडागांनी बसतो. मग टॉवेलने पाणी टिपून घ्या. ओघळत्या पाण्याबरोबर रंग वाहतो आणि पट्टे उठतात. खांद्यापर्यंतच्या केसांना १० ते १५ मिली, म्हणजे दोन-तीन छोटे चमचे, पुरे होतात. हातमोजे घाला, नखे आणि त्यांच्या कडा रंगतात. शांपू तळव्यांवर नीट पसरवा आणि जिथे पिवळे जास्त आहे तिथून सुरुवात करा. सवयीने तो टाळूवर ओतला जातो, आणि नेमका तिथला भाग सहसा सर्वांत कमी पिवळा असतो. रुंद दातांच्या कंगव्याने एकदा विंचरून सगळीकडे सारखा करा. टोकांना शेवटच्या अर्ध्या मिनिटात लावा. पहिल्या खेपेला एकूण दोन मिनिटे, पुढे पुंजक्यांच्या चाचणीप्रमाणे. धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा आणि मग कंडिशनर लावा. फेस गडद जांभळा दिसला म्हणजे रंग जास्त चढेल असे नाही, फेसाचा रंग मनावर घेऊ नका.

पहिल्यांदा हात बसेपर्यंत एक भाग जांभळा शांपू आणि तीन भाग साधा शांपू असे मिश्रण करणे आम्हाला सर्वांत योग्य वाटते. कमी पडले तर आठवड्याने पुन्हा देता येते.

काय बिघडते? सर्वांत जास्त वेळा टोके जांभळी होतात. केसाच्या वरच्या खवल्यांवर चरबीचा अतिशय पातळ थर असतो. जुन्या टोकांचा तो झिजलेला असतो, तिथे ऋणभार वाढतो आणि रंग घट्ट बसतो. उपाय सोपा आहे: क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणाऱ्या, शांपूने दोन-तीनदा धुवा, रंग उतरतो. घाबरून विरंजक लावू नका, त्याने टोके अजून सच्छिद्र होतील.

दुसरा दोष हळूहळू येतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही. जांभळा रंग पिवळेपणा मारतो तो उजेड शोषून. म्हणजे प्रत्येक वापरात केस किंचित गडद होतात. सलग काही आठवडे दर धुण्याला वापरले की चमक जाते आणि केस मेलेल्या राखेसारखे दिसू लागतात. अशा वेळी लोक पिवळेपणा परत आला असे समजून अजून लावतात. तिथे बरोबर उलटे करायचे: तीन-चार धुणी पूर्ण बंद.

तिसरा म्हणजे कोरडेपणा. वयाबरोबर टाळूतले तेल कमी होते आणि पांढरे केस आधीच राठ वाटतात. त्यावर सोडियम लॉरिल सल्फेट या तीव्र फेसकाचा जांभळा शांपू आला की केस ताठ उभे राहतात. सौम्य फेसक असलेली बाटली निवडा, आणि कंडिशनरमध्ये अॅमोडायमेथिकोन हे सिलिकोन असेल तर ते झिजलेल्या भागावर जास्त बसतो. कंडिशनर, तेल किंवा सीरम नवे आणले की पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहा. पिवळा डाग राहिला तर तो केसांवरही राहणार.

याच रंगाचा कंडिशनर किंवा मास्क मिळतो. केस फार राठ असतील तर आम्ही शांपूऐवजी तोच सुचवू, कारण तो केस कोरडे करत नाही. अडचण एवढीच की तो जास्त वेळ ठेवला जातो आणि त्यात बहुधा 'बेसिक' रंगद्रव्येच असतात, म्हणून घड्याळ लावूनच वापरावा. कंडिशनरमध्ये मिसळायचे रंगाचे थेंब वेगळे मिळतात. त्यात मात्रा आपल्या हाती राहते, पण एक थेंब जास्त झाला तरी फरक दिसतो. सुरुवातीला नकोत. कपड्यांची नीळ डोक्याला मुळीच लावू नये, ती त्वचेसाठी बनवलेली नसते.

पहिल्या वापराआधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा लावून ४८ तास थांबा. कलपाची अॅलर्जी असलेल्यांनी हे टाळू नये, रंग वेगळा असला तरी. फिकट टॉवेल दूर ठेवा आणि फरशीवरचे थेंब लगेच पुसा.

मिश्र, म्हणजे अर्ध्या काळ्या केसांवर शांपू फक्त पांढऱ्या केसांवर दिसतो, काळ्यांवर काही उमटत नाही. त्यामुळे भांगाच्या दोन्ही बाजूंना वेगळा हिशेब करावा लागत नाही. कलप सोडणाऱ्यांची मात्र निराशा होईल. नव्या पांढऱ्या मुळांखाली जुन्या कलपाची जी रेघ दिसते ती या शांपूने पुसट होत नाही. कलपाची टोके तांबूस-नारिंगी पडली असतील तर त्यांच्यासाठी निळा शांपू लागतो, जांभळा नाही, आणि तो खालच्या भागापुरताच लावायचा. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. १५ सेंटिमीटरचा कलप कापून काढायला सव्वा वर्ष लागेल. तोवर वरच्या पांढऱ्या भागाला पंधरा दिवसांतून एकदा, मिश्रण करून, दोन मिनिटे एवढा जांभळा शांपू पुरतो.