पुड्यावरची गोष्ट आणि पुड्यावरचा शिक्का: कशाला किती महत्त्व द्यावे?

कॉफी, चहा किंवा चॉकलेट यांच्या वेष्टनावर उत्पादकांविषयीची माहिती साधारणपणे दोन रूपांत असते. एक कंपनीने स्वतः सांगितलेली गोष्ट, म्हणजे शेतकऱ्याचे छायाचित्र, गावाचे नाव, चार ओळींचा वृत्तान्त. आणि दुसरा एखाद्या बाहेरच्या संस्थेचा शिक्का. या दोहोंतून एकाची निवड करायची असेल, तर पैसे कोणाच्या हातात पडतात आणि ते कोण तपासते, या दोन प्रश्नांवर त्यांना जोखावे.

फेअरट्रेड, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव देण्याच्या व्यापारपद्धतीच्या शिक्क्याची सुरुवात १९८८ साली नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोतील छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर झाली. आज या व्यवस्थेत अरेबिका जातीच्या, पाण्याने धुऊन प्रक्रिया केलेल्या कॉफीला पौंडामागे १.८० डॉलर हा किमान भाव ठरलेला असून त्यावर २० सेंट जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळते, आणि तिचा विनियोग सभासद ठरवतात. किमान भाव हा बाजार पडल्यावर उपयोगी पडणारा आधार आहे. २०२५ च्या सुरुवातीला अरेबिकाचा बाजारभाव चार डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा शेतकऱ्याच्या पदरात वेगळे पडले ते हे २० सेंटच. रेनफॉरेस्ट अलायन्स या दुसऱ्या प्रमाणन संस्थेच्या बेडकाच्या शिक्क्यामागे मात्र कॉफीसाठी अशी किमान भावाची हमी नाही. त्याचा भर जंगल, जमीन आणि कामाची परिस्थिती यांवर आहे, त्यामुळे हे दोन्ही शिक्के एकाच तोलाचे समजणे चुकीचे ठरते.

शिक्क्याची खरी मर्यादा कोको, साखर आणि चहा यांच्या बाबतीत दिसते. कारखान्यात प्रमाणित आणि साधा माल एकत्र मिसळण्याची मुभा असते. प्रमाणित म्हणून विकलेला माल तितक्याच खरेदीशी कागदोपत्री जुळला म्हणजे झाले. परिणामी शेतकऱ्याला पैसे मिळतात, पण आपण खात असलेल्या चॉकलेटच्या वडीत त्याचाच कोको असेल असे सांगता येत नाही. फेअरट्रेडच्या चिन्हाशेजारी छोटा बाण असेल, तर पुडा उलटून मागची बारीक अक्षरे वाचावीत. बाण आहे तो त्यासाठीच.

कंपनीच्या गोष्टीला असा कोणताही बाहेरचा तपासनीस नसतो, आणि तिचा गैरवापर सोपा आहे. ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीने २०१६ मध्ये मांस, फळे आणि भाज्यांसाठी शेतांची नावे वाटावीत असे ब्रँड आणले, पण त्या नावांची शेते तो माल पुरवत नव्हती आणि त्यातील काही माल आयात केलेला होता. तरीही कंपन्यांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी एका मापाने मोजू नयेत, असे माझे मत आहे. एकाच भागातील कॉफीच्या पुड्यावर प्रक्रिया केंद्राचे नाव, वाण, तोडणीचा हंगाम आणि दिलेला भाव छापलेला असेल, तर ती माहिती शिक्क्यापेक्षा अधिक नेमकी असते. फक्त भाव कोणत्या टप्प्यावरचा आहे हे पाहावे. छापलेली किंमत बहुधा बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतची असते, आणि प्रक्रिया, वाहतूक व निर्यातदाराचा खर्च वजा झाल्यावरच शेतकऱ्याचा वाटा उरतो. ज्या विक्रेत्याला तो वाटा विचारल्यावर सांगता येत नाही, त्याचे छायाचित्र कितीही बोलके असले तरी मी त्याला फारसे महत्त्व देणार नाही.

तिसरा, विरळा प्रकार म्हणजे उत्पादकांची भागीदारी. घानातील कुआपा कोकू ही शेतकरी संस्था १९९३ मध्ये उभी राहिली आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या, आज डिव्हाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चॉकलेट कंपनीत तिला मालकीचा वाटा मिळाला. इथे शेतकऱ्याला भावाबरोबर नफाही मिळू शकतो. मात्र २०२० मध्ये त्या कंपनीची बहुसंख्य मालकी एका जर्मन उत्पादकाकडे गेली, म्हणून ‘शेतकऱ्यांच्या मालकीचे’ असे वाचल्यावर आजचा हिस्सा किती, हे विचारणे रास्त आहे.

तेव्हा साध्या चॉकलेटसाठी किमान भावाचा शिक्का निवडावा, आणि तपशील छापणाऱ्या विक्रेत्याची कॉफी शिक्क्यावाचूनही घ्यावी. मळ्यातल्या चहाचे गणित वेगळे आहे, कारण मळ्याच्या नावावरून पाने खुडणाऱ्या मजुरांच्या रोजंदारीचा काहीच पत्ता लागत नाही. तिथे फेअरट्रेडचा शिक्का घ्यावा, कारण मळ्यातील जादा रकमेचा विनियोग मालक नव्हे, तर मजुरांनी निवडलेली समिती करते.